बेडकांच्या संकराला खेचराचा नियम लावू नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला बेडकांवरचा लेख वाचला. लेख चांगलाच होता, फोटो तर मस्तच, पण त्यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून शेवटी लिहायला बसलो. दोन जातींच्या बेडकांचा संकर झाला की पिल्लं दुबळी निपजतात आणि जगली तरी वांझ राहतात, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. एका ओळीत निकाल लावून लेखक पुढे डराव-डराव आणि पावसाकडे वळले. आता घोडी आणि गाढव यांचं खेचर होतं आणि खेचर वांझ असतं हे आपण सगळे शाळेत शिकलो, तेच उचलून बेडकांना लावलेलं दिसतंय. बेडूक म्हणजे घोडा नव्हे हो.

मी काही संशोधक वगैरे नाही. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये असिस्टंट म्हणून आयुष्य गेलं आणि त्यातली बरीच वर्षं पांढऱ्या ट्रेमध्ये बेडूकमासे वाढवण्यात गेली (पुस्तकात त्यांना भैकेर म्हणतात, पण भैकेर म्हणून हाक मारलेली मी तरी कुणाच्या तोंडून ऐकली नाही). पोरांना दाखवायला प्रत्येक अवस्थेतला एकेक लागायचा, त्यामुळे भिंतीवर गॉसनरचा तक्ता कायम चिकटवलेला असायचा. केनेथ गॉसनर नावाच्या माणसाने १९६० साली अंड्यापासून शेपूट जाईपर्यंतच्या प्रवासाचे ४६ टप्पे पाडले, आजही जगभर तेच आकडे वापरतात. २५ नंबरला पिल्लू मोकळं पोहायला आणि खायला लागतं, तिथून पुढे ४० पर्यंत मागचे पाय हळूहळू घडत जातात, आणि ४२ ला पुढचे हात बाहेर येतात. हा ४२ नंबर एकदा तरी जवळून बघावा असा असतो. हात आधीच आत तयार होऊन कातडीखाली घडी घालून बसलेले असतात, मग एका बाजूने कोपराचा फुगवटा दिसतो आणि बघता बघता कोपर आधी बाहेर येतं, एखाद्याने घट्ट स्वेटरमधून हात काढावा तसं. डाव्या बाजूला कल्ल्यातलं पाणी बाहेर टाकायचं भोक असतं, डावा हात बहुतेक तिथूनच येतो. त्या दिवसांत पिल्लू खात नाही, तोंड मोडून नवीन होत असतं, आतडं आखूड होत असतं, शेपूट जिरवून त्यावरच दिवस काढतं. धड मासा नाही आणि धड बेडूकही नाही, पोहायलाही येत नाही नीट आणि उड्याही मारता येत नाहीत, म्हणजे खाणाऱ्यांची चंगळ.

हे एवढं सांगण्याचं कारण असं की संकर टिकतो का नाही याचा निर्णय बहुतेक वेळा इथे लागतो, मोठ्या बेडकात नाही. आणि तुमच्या लेखात नेमका हाच काळ गायब होता.

पहिली परीक्षा तर अंड्यातच. जॉन मूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात लेपर्ड फ्रॉग आणि वुड फ्रॉग या तिकडच्या दोन जाती घेतल्या, पहिल्याच्या मादीची अंडी आणि दुसऱ्याचे शुक्राणू एकत्र केले. अंडी व्यवस्थित फळली, एकाच्या दोन पेशी, दोनाच्या चार, असं करत गोळा झाला, सगळं झकास चाललेलं आणि गॅस्ट्रुलाच्या उंबरठ्यावर, म्हणजे पेशी आत वळायला लागतात त्या वेळेला, सगळं ठप्प. आधी चाललं ते का, तर सुरुवातीचे तास गर्भ आईने अंड्यात भरून दिलेल्या शिदोरीवर चालतो, त्याची स्वतःची जनुकं झोपलेलीच असतात. ती जागी झाली की आईच्या आणि बापाच्या जनुकांना पहिल्यांदा एकमेकांबरोबर काम करावं लागतं आणि जमत नसेल तर ते तिथेच उघडं पडतं. याच मूरने एकाच लेपर्ड फ्रॉगच्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या बेडकांचेही संकर केले होते, तेव्हा आई उत्तरेची असली की पिल्लांची डोकी प्रमाणाबाहेर मोठी आणि आई दक्षिणेची असली की लहान. म्हणजे त्याच दोन ठिकाणचे बेडूक, फक्त आई कुठली आणि बाप कुठला एवढाच फरक, आणि पिल्लू वेगळं.

आई कोण यावरून जगणं मरणं ठरतं याचं आणखी स्पष्ट उदाहरण लॅबमधल्या झेनोपस बेडकांचं. झेनोपस लेव्हिसची अंडी आणि झेनोपस ट्रॉपिकालिसचे शुक्राणू घेतले तर पिल्लं जगतात. उलटं करा, ट्रॉपिकालिसची अंडी आणि लेव्हिसचे शुक्राणू, तर गर्भ गॅस्ट्रुलाच्या आधीच मरतात, सगळेच्या सगळे. २०१८ साली यावर जे संशोधन छापून आलं त्यात दिसलं की पेशी विभागताना बापाकडून आलेल्या ठराविक गुणसूत्रांचे तुकडे मागे राहतात आणि हरवतात, त्यातून पेशींचं चयापचयाचं गणित कोलमडतं. आता सांगा, या दोन जातींचा संकर दुबळा म्हणायचा का सशक्त? उत्तर दोन्ही आहे.

गंमत म्हणजे हा झेनोपस लेव्हिस स्वतःच कोणे एके काळच्या संकराचा वंशज आहे. त्याच्या पेशीत ३६ गुणसूत्रं आहेत, ट्रॉपिकालिसच्या पेशीत २०, आणि २०१६ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकांचा मजकूर, वाचला तेव्हा त्यात दोन वेगवेगळ्या पूर्वजांचे गुणसूत्रांचे संच शेजारी शेजारी नांदताना दिसले, साधारण १ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी एकत्र आलेले. वांझ असता तर इथवर आला असता का?

पण माझा सगळ्यात लाडका किस्सा युरोपातल्या हिरव्या बेडकाचा आहे, आणि लेखात हा न येणं म्हणजे लग्नात नवरदेवच विसरण्यासारखं. लिनियसने १७५८ साली राना एस्क्युलेंटा म्हणून ज्याला नाव दिलं तो खाण्याचा बेडूक, दोनशे वर्षं सगळे त्याला सरळ एक जात समजत होते. १९६० च्या दशकात पोलंडमध्ये लेशेक बर्गर यांनी अंडी फळवून, पिल्लं मोठी करून बघितलं तर हा कुणी स्वतंत्र जात नाहीच, लेसोनी नावाचा लहान डबक्यातला बेडूक आणि रिडिबुंडस नावाचा धिप्पाड दलदलीतला बेडूक यांचा हा संकर निघाला. आणि वांझ? छे. तळी भरून आहेत यांनी.

हे चालतं कसं ते जरा सावकाश वाचावं लागेल, मलाही तीनदा वाचावं लागलं होतं. या संकराच्या अंगात गुणसूत्रांचा एक संच लेसोनीचा आणि एक रिडिबुंडसचा. साध्या प्राण्यात अंडी किंवा शुक्राणू तयार होताना दोन्ही संचांची पत्ते पिसल्यासारखी सरमिसळ होते. हा बेडूक पिसतच नाही. बऱ्याच ठिकाणी तो अंडी, शुक्राणू बनवायच्या आधी लेसोनीचा अख्खा संच फेकून देतो, उरलेल्या रिडिबुंडसच्या संचाची नक्कल काढतो आणि तोच पुढे देतो. मग शेजारच्या लेसोनीशी जोडी जमली की पिल्लात परत एक लेसोनी एक रिडिबुंडस, म्हणजे परत संकर. लेसोनीचा संच दर पिढीला उसना आणायचा, अंगावर वापरायचा आणि पुढच्या पिढीला न देता टाकून द्यायचा. एवढा निर्लज्ज हिशोब मी दुसरीकडे पाहिला नाही.

आता याचा बेडूकमाशांवर काय परिणाम होतो बघा. रिडिबुंडसचा संच पिढ्यान्‌पिढ्या न पिसता जातोय म्हटल्यावर त्यात साठलेले बिघाड बाहेर पडायला वाटच नाही, फक्त जोडीला लेसोनीचा ताजा संच असल्यामुळे ते झाकलेले राहतात. पण दोन संकरच एकमेकांशी जुळले तर? दोघांकडून रिडिबुंडसचेच संच येतात, झाकायला कुणी नाही, आणि मग पिल्लं अंड्यातून बाहेर येतात, पोहतात, काही दिवस बरी दिसतात आणि बेडूक व्हायच्या आधीच बहुतेक सगळी मरतात. कागदावर बघाल तर ती संकर सुद्धा नाहीत, शुद्ध रिडिबुंडस आहेत! म्हणजे शुद्ध मरतंय आणि संकर जगतोय. त्यातही दोन संच वेगवेगळ्या वंशांतून आले असले तर एकाचे बिघाड दुसरा झाकतो आणि काही पिल्लं वाचतात. तुमच्या त्या एका ओळीत हे कुठे बसवणार?

डेन्मार्क आणि दक्षिण स्वीडनमध्ये तर अशी तळी आहेत जिथे मूळ दोन्ही जाती नाहीतच, सगळे संकरच, आणि त्यातले बरेच तीन संचवाले. कुणी दोन लेसोनी एक रिडिबुंडस, कुणी उलटं. हे तीन संचवाले मूळ जातींच्या जागी लागणारे शुक्राणू आणि अंडी पुरवतात आणि त्यावर सगळ्यांचा संसार चालतो.

आणि वाढीचं म्हणाल तर स्वित्झर्लंडमध्ये रेमंड सेमलिच आणि हाइन्झ-उलरिख रायर यांनी या संकराचे आणि लेसोनीचे बेडूकमासे एकत्र आणि वेगळे वाढवून बघितले, पाणी आटत जाणाऱ्या डबक्यात आणि कायम पाणी असलेल्यात, १९९२ साली ते छापून आलं. संकर मागे पडले नाहीत. मुळात दलदलीतल्या त्या धिप्पाड बेडकाच्या पिल्लांना पाण्यात भरपूर ऑक्सिजन लागतो, लेसोनीची पिल्लं कुजक्या, कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही भागवून घेतात आणि संकर मधला. त्यामुळे या तळ्यात कोण जिंकेल आणि त्या तळ्यात कोण हे पाणी ठरवतं, जात नाही.

पाण्यावरून माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. एकदा सुट्टीला जोडून सुट्टी आली आणि दोन ट्रेंपैकी एकात पाणी भरायचं राहून गेलं. परत येऊन बघतो तर त्या ट्रेत पाणी बोटभर, पिल्लं दाटीवाटीने, आणि पुढच्या काही दिवसांत त्यांचे हात बाहेर यायला लागले, तर शेजारच्या भरलेल्या ट्रेतली त्याच अंड्यांची भावंडं अजून निवांत शेवाळ खरवडत होती. लवकर झालेले बेडूक एवढे चिमुकले की माझ्या करंगळीच्या नखावर बसावेत. सरांनी रागावण्याऐवजी वहीत लिहून ठेवायला सांगितलं. नंतर कळलं की यामागे चांगलं शास्त्र आहे. हेन्री विल्बर आणि जेम्स कॉलिन्स यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की बेडूकमासा एका किमान आकाराला पोचला की पुढे कधी बदलायचं हे तो आपली वाढ कशी चाललीय त्यावरून ठरवतो, वाढ चांगली तर थांबतो, वाईट तर निघतो. आणि रॉबर्ट डेन्व्हर यांनी १९९० च्या दशकात स्पेडफूट टोड नावाच्या बेडकांमध्ये दाखवलं की पाणी आटू लागलं की मेंदूतून ताणाचं संप्रेरक सुटतं आणि ते थायरॉइडला कामाला लावतं. थायरॉइडचा बेडूक होण्याशी संबंध तर त्याच्याही आधी, १९१२ साली गुडर्नाट्शने बेडूकमाशांना थायरॉइड खाऊ घालून दाखवलेला, माशीएवढे बेडूक झाले होते त्याचे.

म्हणजे लवकर बाहेर पडणं म्हणजे जीव वाचवणं, पण लहान राहून. सावकाश वाढणं म्हणजे मोठं होणं, पण डबकं सुकलं तर सगळंच संपलं. संकराचं खरं नाट्य या पेचात आहे, आणि ते सगळ्यात छान दिसतं स्पेडफूटमध्येच.

हे स्पेडफूट अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात असतात, मागच्या पायाला फावड्यासारखी टणक कड असते म्हणून ते नाव. वर्षातला बराचसा काळ जमिनीखाली, उन्हाळ्यातला पाऊस पडला की वर येऊन एका रात्रीत अंडी घालून मोकळे. तिथे दोन जाती एकाच डबक्यात येतात, स्पिया बॉम्बिफ्रॉन्स आणि स्पिया मल्टिप्लिकाटा. यांच्या संकरातले नर वांझ आणि माद्या अंडी कमी घालणाऱ्या, म्हणजे इथे तुमचे लेखक अर्धे बरोबर, मान्य. पण बॉम्बिफ्रॉन्सची पिल्लं वाढायला जास्त दिवस घेतात, मल्टिप्लिकाटाची लवकर उरकतात, आणि संकराची पिल्लं शुद्ध बॉम्बिफ्रॉन्सपेक्षा लवकर बेडूक होतात. डबकं खोल असेल तर बॉम्बिफ्रॉन्सच्या मादीने आपल्याच जातीचा नर घ्यावा हे बरं. पण डबकं उथळ असेल, लवकर आटणार असेल, तर शुद्ध पिल्लं चिखलात मरणार आणि संकराची पिल्लं टिकणार, मग पुढे त्यांचे नर वांझ निघाले तरी निदान माद्यांकडून काहीतरी वंश चालतो, शून्यापेक्षा काहीतरी बरं.

आणि मादीला हे कळतं! कॅरिन फेनिग यांनी २००७ साली सायन्स मासिकात दाखवलं की बॉम्बिफ्रॉन्सच्या मादीला खोल पाण्यात ठेवून दोन्ही जातींच्या नरांचे आवाज ऐकवले तर ती आपल्या जातीच्या आवाजाकडे जाते, उथळ पाण्यात ठेवलं तर परक्या जातीच्या आवाजाकडे वळण्याचं प्रमाण वाढतं. त्यातही जी मादी अंगाने खंगलेली आहे ती जास्त वळते, कारण तिची पिल्लं आधीच सावकाश वाढणारी. मल्टिप्लिकाटाच्या मादीला या सौद्यात काहीच फायदा नाही, तिची पिल्लं मुळातच चटपटीत. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वासच बसेना, एक बेडकी पाण्याची खोली बघून जावई परजातीचा चालेल का नाही ते ठरवतेय.

मध्य युरोपातल्या बॉम्बिना नावाच्या टोडच्या दोन जातींचं थोडक्यात सांगतो कारण पत्र लांबतंय. लाल पोटाचा सखल भागात, मोठ्या तळ्यात, पिवळ्या पोटाचा डोंगरात, चाकोऱ्यांमधल्या खड्ड्यात. पिवळ्याची अंडी मोठी आणि पिल्लं लवकर वाढणारी, कारण खड्डा कधीही सुकेल, लालची पिल्लं शांत, कमी हालचाल करणारी, कारण मोठ्या तळ्यात हलला तो खाल्ला गेला. दोघांच्या हद्दीवर संकराचा पट्टा आहे, पोलंडमध्ये क्राकोजवळ त्याची रुंदी फक्त ६ किलोमीटरच्या आसपास भरते, यॅत्सेक शिमुरा आणि निक बार्टन यांनी १९८६ मध्ये मोजलेली. तिथे संकर खरंच कमी पडतात, गर्भ आणि पिल्लं जास्त मरतात, म्हणून पट्टा अरुंद राहतो. पण पट्टा पुसला जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच.

वांझपणाबद्दल एवढंच, की हॅल्डेन यांनी १९२२ साली नियम सांगितला होता की संकरात एकच लिंग बाधित झालं तर ते दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असलेलं असतं. आपल्यात तो पुरुष. झेनोपसमध्ये वेगळी गुणसूत्रं मादीकडे असतात, तरीही लेव्हिस आणि झेनोपसचीच दुसरी जात म्युलेरी यांच्या संकरात वांझ नर निघतो आणि मादी व्यवस्थित अंडी घालते. बेडूक नियम वाचत नाहीत.

आता याच्या उलट टोकाचा गोंधळही मी वाचलाय, की संकर म्हणजे जोमदार, म्हणून मिसळलेलं चांगलं. तेही नको. पश्चिम युरोपात खाण्यासाठी म्हणून बाहेरून आणलेले रिडिबुंडस सुटले आणि पसरले, आणि ते स्थानिक संकराशी जुळले की होणारी पिल्लं थेट रिडिबुंडस निघतात, कारण संकर देतो तोही रिडिबुंडसचाच संच. यावेळी एक संच ताजा असल्यामुळे ती पिल्लं मरतही नाहीत. म्हणजे स्थानिक संकर आपल्याच हाताने पाहुण्याची संख्या वाढवतो, आणि लेसोनी, जो सगळ्यांना संच उसना देत होता, तो कोपऱ्यात ढकलला जातो. तक्रार करायचीच तर या आयातीची करा, संकराची कशाला.

तेव्हा साहेब, छोटी दुरुस्ती छापलीत तर बरं होईल. आई कोणत्या जातीची, पाणी किती दिवसांचं आणि पिल्लू कुठल्या टप्प्यापर्यंत मोजलं, हे तीन प्रश्न न विचारता संकर दुबळा का सशक्त ते सांगता येत नाही, एवढं लिहा. आणि पुढच्या वेळी फोटो निवडताना पानावर बसलेला तोच तो हिरवा बेडूक नको, ४२ नंबरचा टाका, एक कोपर बाहेर आलेलं आणि दुसरं अजून कातडीखाली. मिळाला नाही तर मला कळवा, माझ्याकडे जुन्या काढलेल्या स्लाइड्स आहेत, थोड्या पिवळ्या पडल्यात पण कोपर स्पष्ट दिसतं.

आपला,
एक जुना वाचक आणि निवृत्त लॅब असिस्टंट